कृष्णाकाठी पोहायला शिकताना

बालमित्रांनो, सांगलीला कधी आलात, तर आयर्विन पुलावर जरूर जा. १९२९ साली पुरा झालेला हा दगडी पूल. त्याच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली कृष्णा संथ वाहताना दिसते. एका काठाला सांगली, घाटाच्या पायऱ्या, देवळांचे कळस. दुसऱ्या काठाला सांगलीवाडीची हिरवी शेतं. महाबळेश्वरला जन्मलेली ही नदी वाटेत कऱ्हाडला कोयनेला सोबत घेऊन इथवर येते. इथून थोडं पुढं गेली की हरिपूरला संगमेश्वराच्या देवळापाशी तिला वारणा भेटते.

वार्षिक परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या की कृष्णाकाठच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. "यंदा पोरांना पोहायला घालायचं ना?" आजोबा म्हणतात, मळ्यातली विहीर आहे की! काका म्हणतात, नदी असताना विहीर कशाला? आई म्हणते, नको गं बाई, तलावावर घालू, तिथं शिकवणारे असतात. आणि ज्याला पोहायला शिकायचं असतं, त्याला किंवा तिला मात्र कुणीच विचारत नाही!

तर चला, आज आपणच या तिन्ही ठिकाणी जाऊन येऊ. नदी पाहू, विहीर पाहू, तलाव पाहू. तिथलं पाणी कसं आहे, शिकवणारा कसा आहे, हे नीट बघू आणि मग ठरवू. आई-बाबांनाही सोबत घ्या हं! कारण शेवटी फी भरायची आहे त्यांना, आणि काठावर बसायचंही आहे त्यांनाच.

नदी

पुलावरून खाली उतरून आपण घाटावर आलो. उन्हाळ्यात पाणी कमी असतं. पायरीवर बसून पाय सोडले की बोटांना मासोळ्या लुचतात. एवढ्याशा शांत पाण्याला भ्यायचं कशाला, असं वाटतं ना?

आता पुलाच्या खांबाकडे पाहा. पावसाळ्यात वर्तमानपत्रात तुम्ही वाचत असाल, 'आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी इतके फूट'. चाळीस फूट झाली की इशारा आणि पंचेचाळीस झाली की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं होतं. निम्मी सांगली पाण्यात होती. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावी, जिथं येरळा कृष्णेला मिळते, माणसांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली. अनेकांचे जीव गेले. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती.

पूर ही पावसाळ्यातली गोष्ट, उन्हाळ्यात काय त्याचं? असं म्हणू नका. उन्हाळ्यातही नदीच्या पोटात बऱ्याच गोष्टी चालू असतात, वरून त्या दिसत नाहीत. नदीला डोह असतात. गुडघाभर पाण्यात चाललेलं पाऊल पुढच्याच पावलाला पुरुषभर खोल पाण्यात जातं. वाळू काढलेल्या ठिकाणी तर खड्डे कुठं आहेत हे गावकऱ्यांनाही सांगता येत नाही. शेतीसाठी धरणातून पाणी सोडलं की काल जिथं कमरेइतकं होतं, तिथं आज गळ्याइतकं असतं आणि पाण्याला ओढही लागते. नदीवर बंधारे आहेत. बंधाऱ्याचे बरगे काढले की खालच्या बाजूला पाणी घुसळतं. तिथं सापडलेला माणूस वर यायला धडपडतो आणि पाणी त्याला पुन्हा खाली ओढतं.

शिवाय आपल्या या कृष्णेत मगरी आहेत! औदुंबर, भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत त्या अधूनमधून दिसतात. काठावर ऊन खात पडलेली मगर लांबून पाहायला मोठी गंमत वाटते. पण याच नदीत मगरींनी माणसांवर हल्ले केल्याच्या घटनाही घडल्या आहेत. मगर उन्हाळ्यात काठाच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिलं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. तोवर मादी घरट्याच्या आसपासच असते आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते. म्हणजे गंमत पाहा, आपल्या पोहण्याचा मोसम आणि मगरीच्या घरट्याचा मोसम एकच! यात तिचा काही दोष नाही. ती तिचं घर राखते. आपण मात्र घाट सोडून कडेकपारीला, झाडीत, एकट्यादुकट्यानं पाण्यात उतरायचं नाही.

मग नदी वाईट का? मुळीच नाही. सांगलीतल्या कितीतरी पिढ्या या घाटांवर पोहायला शिकल्या. पट्टीचे पोहणारे इथंच तयार झाले. पण ते शिकले तेव्हा काठावर वडीलधारी माणसं असत आणि त्यांना नदीचा कण न् कण ठाऊक असे. कुठं डोह आहे, आज ओढ किती आहे, पाणी गढूळ का झालं, हे त्यांना पाहताक्षणी कळे. आता आपल्यातले बरेच जण नदीवर वर्षातून दोनदा येतात, तेही गणपती विसर्जनाला आणि पूर बघायला. म्हणून नदी ही शिकायला सुरुवात करण्याची जागा राहिलेली नाही. आधी दुसरीकडे पोहणं शिकायचं आणि मग जाणत्या माणसाबरोबर येऊन नदी समजून घ्यायची.

विहीर

आता मळ्यात जाऊ. उसाच्या फडाला वळसा घालून गेलं की काळ्या दगडात बांधलेली विहीर लागते. एका अंगानं खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, दगडांच्या फटीत उगवलेला पिंपळ, वर घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या. पाणी हिरवंगार आणि गारेगार.

तुमचे आजोबा बहुधा अशाच विहिरीत शिकले असतील. त्यांना विचारा, पाठीला काय बांधलं होतं? कुणी सांगेल, पांगिऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. कुणी सांगेल, वाळलेला भोपळा. कुणी म्हणेल, गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकण लाखेनं पक्कं बंद केलेला. या सगळ्यांचं काम एकच. त्यांच्यात हवा असते, आकाराच्या मानानं वजन फार कमी असतं, म्हणून ते पाण्यावर तरंगतात आणि आपल्यालाही धरून ठेवतात. विज्ञानाच्या पुस्तकात आर्किमिडीजचा नियम पाठ करता ना? तोच इथं पाठीला बांधलेला असतो!

या जुन्या शिकवणीत एक फार चांगली गोष्ट होती. शिकणारा एक आणि शिकवणारा एक. कमरेला दोर बांधून मामा स्वतः पाण्यात उतरे. भाच्याच्या पोटाखाली हात धरी. "पाय मार, पाय मार! मान वर!" असं ओरडे. चार-आठ दिवसांनी डबा काढी, पण दोर राही. मग एक दिवस दोरही सुटे. मामाची नजर मात्र भाच्यावरून क्षणभरही हलत नसे.

आणि एक वाईट गोष्टही होती. काही ठिकाणी पोराला सरळ ढकलून देत. "पडला की आपोआप शिकतो!" असं अजूनही कुणी कुणी म्हणतं. मुलांनो, आपोआप कुणी शिकत नाही. नाकातोंडात पाणी जातं, छातीत धस्स होतं आणि पाण्याची भीती मनात घर करून बसते. वर्गात पट्टी दाखवून पाढे पाठ करून घेतले, तर गणिताची गोडी लागेल का? पाण्याचंही तसंच आहे. एकदा बसलेली धास्ती काढायला पुढं फार दिवस लागतात. मोठेपणी पाण्याला पाय लावायलाही घाबरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांतल्या काहींना लहानपणी असंच कुणीतरी ढकललेलं असतं.

विहिरीचे आणखीही धोके आहेत. तिला उथळ कड नसते. शेवटच्या पायरीवरून पाय घसरला की एकदम खोल पाणी. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि वरून सूर किंवा मुटका मारणाऱ्याला कपारीचा दगड लागू शकतो. आता विहिरीवर विजेची मोटार असते. तिची वायर खराब असेल तर पाण्यात वीज उतरते. म्हणून मोटार बंद करून, स्विच खाली पाडून, मगच पाण्यात उतरायचं. आणि डब्याचा दोर? तो पोटावर सरकला, तर डबा वर आणि पोर खाली अशी गत होते. बाजारात मिळणारे दंडात घालायचे हवेचे फुगे तर त्याहून बेभरवशाचे. निसटतात, फुटतात. शिकताना ती मदत आहे. तिच्या भरवशावर कुणाला एकटं सोडायचं नाही.

तलाव

आता शहरातल्या पोहण्याच्या तलावावर या. निळ्या फरशा, स्वच्छ पाणी, क्लोरीनचा वास, शिट्टीचा आवाज. पाणी वाहत नाही, भोवरे नाहीत, मगर तर नाहीच नाही! उथळ कडेला पाय टेकतात. तळ दिसतो. नवशिक्यासाठी पाणी म्हणाल तर हेच सगळ्यांत बरं.

पण आई-बाबा, एवढ्यावर फी भरू नका. आधी एक दिवस नुसते काठावर जाऊन बसा. पोरालाही शेजारी बसवा. अर्धा तास शिकवणी पाहा. पाहताना पुढच्या गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली गोष्ट, एका शिक्षकामागं मुलं किती? आमच्या वर्गात चाळीस मुलं असली तरी ती बाकावर असतात. पाण्यात बाक नसतो! अगदी लहान, नवशिकी मुलं असतील, तर एकाच्या हाताखाली चार-पाचच बरी. शिक्षक एकाला शिकवत असताना बाकीची मुलं कुठं आहेत, ते पाहा. कठडा धरून उभी आहेत की खोल पाण्याकडे सरकताहेत?

दुसरी गोष्ट, शिक्षक कुठं आहे? नवशिक्यांना शिकवणारा पाण्यात हवा. काठावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवणाऱ्याकडून पुढची तयारी होते, पहिली अक्षरं गिरवली जात नाहीत.

तिसरी गोष्ट, शिकवणाऱ्याशिवाय नुसता पाण्यावर नजर ठेवणारा जीवरक्षक आहे का? जवळ दोर, तरंगणारं कडं, लांब बांबू हाताशी टांगलेला आहे का? खोली किती, ते काठावर लिहिलंय का? तळ स्पष्ट दिसतो का? तळ दिसत नसेल, तर बुडालेलं पोरही दिसणार नाही. अशा तलावातून सरळ घरी परत या.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पहिले आठ दिवस काय शिकवतात, हे विचारा. "पंधरा दिवसांत पोरगं या टोकाचं त्या टोकाला जाईल," असं कुणी सांगितलं, तर मान डोलवा, पण भुलू नका. चांगला शिक्षक आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला शिकवतो. मग कठडा धरून पाय मारायला. मग उताणं पडून तरंगायला. उताणं तरंगता आलं की नाक-तोंड पाण्याबाहेर राहतं, श्वास मिळतो, हाक मारता येते. मग पाण्यात पडल्यावर वळून पुन्हा काठ पकडायला शिकवतो. हात कसे फिरवायचे आणि वेग कसा वाढवायचा, हे सगळं त्याच्या नंतर.

पाचवी गोष्ट, रडणाऱ्या मुलाशी तो कसा वागतो? ओरडतो? हसतो? "घाबरट" म्हणतो? की दोन मिनिटं पायरीवर बसवून, पाय पाण्यात सोडायला लावून, पुन्हा बोलावतो? पोराला कुठं घालायचं, हे निम्मं याच्यावरच ठरतं.

आणि वय? दीड-दोन वर्षांचं बाळ आईच्या कडेवर बसून पाण्यात खेळलं तर चांगलंच आहे. पण सांगितलेलं ऐकून, हात-पाय जुळवून शिकायला बहुतेक मुलं चौथ्या वर्षाच्या सुमाराला तयार होतात. कुणी पाचव्या, कुणी सातव्या. शेजारच्या बंडूला येतं म्हणून आपल्या चिंगीला घाई करू नका. कान फुटणं, दमा, फिट येणं असं काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकालाही सांगा. लपवू नका.

हो, आणि चिंगीचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. पोहायला येणाऱ्यांत मुलगेच जास्त दिसतात. विहिरीवर, घाटावर तर मुली काठावर कपडे राखायला! पण पाणी काही मुलगा-मुलगी पाहत नाही. धुणं धुवायला, पाणी भरायला नदीवर जाण्याची वेळ घरातल्या बायका-मुलींवरच जास्त येते. म्हणून घरात दोघं भावंडं असतील, तर दोघांचीही नावं घाला. काही तलावांवर बायकांसाठी वेगळी वेळ असते, ती विचारून घ्या. आईला पोहता येत नसेल, तर तिनंही शिकावं. चाळिशीतही शिकता येतं.

मोठेपणी काय, अगदी अंथरुणावरून उठूनही शिकता येतं! हे मुरलीकांत पेटकरांनी दाखवून दिलं. ते आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या पेठ गावचे. सैन्यात जवान होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताला पॅरालिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं सुवर्णपदक! २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाय साथ देत नव्हते, तरी पाण्यानं त्यांना तोलून धरलं.

मग ठरलं काय?

तिन्ही जागा पाहून झाल्या. तुम्हीच सांगा, काय निवडायचं? मला विचाराल तर, पाणी तलावाचं, मास्तर विहिरीवरच्या मामासारखा आणि समज नदीची. सुरुवात उथळ, स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात करावी. शिकवणारा पाण्यात उतरणारा आणि नजर न हलवणारा असावा. आणि तलावात पोहता येऊ लागलं, म्हणजे कृष्णा आपल्या मुठीत आली, असं कधीच समजू नये.

गावात तलाव नसेल तर? मग विहीर चालेल, पण पायऱ्यांची, मोटार बंद केलेली, कमरेला दोर बांधून, आणि पट्टीचा पोहणारा मोठा माणूस पाण्यात असतानाच. एका वेळी एकच मूल. दुसरं मूल वर, दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ.

हे एवढं का सांगते आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या बाळांचा होता. संयुक्त राष्ट्रसंघानं २५ जुलै हा दिवसच बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला आहे. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा, वाचवा" म्हणतो. खरं तसं नसतं. बुडणारं मूल बहुतेकदा गप्प असतं. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, ओरडायला श्वासच उरत नाही. शेजारी गप्पा मारत बसलेल्यांनाही कळत नाही. म्हणून पाण्यावर मुलं असताना एका मोठ्या माणसानं फक्त बघण्याचं काम करावं. हातात वर्तमानपत्र नको, मोबाईल तर नकोच.

आणि मुलांनो, तुमचा मित्र बुडताना दिसला तर? उडी मारायची नाही! घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघंही बुडतात. आधी जोरात ओरडा, मोठ्यांना बोलवा. मग काठावर पालथं पडून काठी, बांबू, ओढणी, जे असेल ते त्याच्याकडे टाका. दोर असेल तर दोर, नाहीतर झाकण लावलेली रिकामी घागर किंवा कॅन फेका. त्याला बाहेर काढल्यावर उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसायचं नसतं, त्यात वेळ जातो. श्वास बंद असेल, तर जाणत्या माणसानं लगेच तोंडानं श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्यानं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आई-बाबा, हे श्वास देणं कसं करतात, ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या.

आता घरी एक काम करा. आज रात्री जेवताना प्रत्येकाला विचारा, तू पोहायला कुठं शिकलास, कुणी शिकवलं, काय बांधलं होतं? आजोबांपासून सुरुवात करा. ज्यांना येत नाही, त्यांची नावं एका कागदावर लिहा. आजीचंही लिहा हं, ती "माझं आता काय!" म्हणाली तरी! मग तो कागद आणि वर सांगितलेल्या पाच गोष्टी घेऊन रविवारी सगळे मिळून तलावावर जा. पहिल्या दिवशी कुणीच पाण्यात उतरायचं नाही. फक्त काठावर बसून पाहायचं.